दोन किलोची टेलिफोटो हातात धरताना

निकॉनची २००-५०० किंवा सिग्माची १५०-६०० मिमीची टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स, कॅमेऱ्यासकट अडीच-तीन किलोंच्या घरात जाते. पक्षी पाहायला भिगवणच्या जलाशयात होडीतून गेलात आणि ती सतत डोळ्याला लावून बसलं, की रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उडतात नेमके तेव्हाच हात थरथरू लागतो.

यावरचा उपाय आधी पट्ट्यापासून. कॅमेऱ्याच्या कड्यांना लावलेला पट्टा सोडा आणि लेन्सच्या कॉलरला (लेन्सभोवतीच्या फिरत्या कड्याला) जो पाय असतो, त्यालाच पट्टा अडकवा. तो गळ्यात नको, एका खांद्यावरून तिरपा घ्या. वजन पाठीवर येतं, मान मोकळी राहते. चालताना झूम लॉक करा, नाहीतर नळी आपोआप खाली सरकते.

फोटो घेताना:

१. कॉलर फिरवून तिचा पाय वर करा, म्हणजे तळहाताला लेन्सची मोकळी बाजू मिळते.
२. डावा हात झूमच्या रिंगपाशी न ठेवता जमेल तितका पुढे न्या.
३. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवा. बसलेले असाल तर डावं कोपर गुडघ्याच्या जरा पुढे टेका, हाडावर हाड नको.
४. पक्षी हालचाल करेपर्यंत लेन्स मांडीवरच राहू द्या. सर्वांत जास्त फरक यानेच पडतो.

५०० मिमीला शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू नको, क्रॉप सेन्सरवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १/८००. उडणाऱ्या पक्ष्याला त्याहून बराच जास्त.

कॉलरच्या पायाचा स्क्रू मात्र निघण्यापूर्वी दर वेळी आवळून पाहा, तो हळूहळू सैल होतो.