आईबाबांचा गुडघा रोबोटने बदलायचाय? आधी एवढं करा

गुडघ्याची गादी पार झिजलीय, रात्री पडल्यापडल्यासुद्धा ठणकतं, गोळ्या, फिजिओ, इंजेक्शन सगळं करून झालं आणि आता डॉक्टर म्हणतात वाटी बदला, रोबोटिक करू. बऱ्याच घरात इथेच घाबरगुंडी उडते, मशीन कापणार म्हणून. तर ऑपरेशन सर्जनच करतात. माको नावाच्या रोबोटसारख्या सिस्टिममध्ये आधी सीटी स्कॅनवरून गुडघ्याचं थ्रीडी मॉडेल बनतं, हाड कुठे किती कापायचं ते त्यावर ठरतं, मग ऑपरेशनच्या वेळी मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना घालून ट्रॅकर लावतात, सर्जन पाय वाकवून-सरळ करून लिगामेंटचा, म्हणजे हाडं जोडणाऱ्या पट्ट्यांचा, ताण बघतात, आणि कापताना करवत ठरलेल्या हद्दीबाहेर जायला लागली की रोबोटचा हात ती अडवतो. कोरी नावाच्या दुसऱ्या रोबोटला सीटी लागत नाही.

रोबोट कुठलाही असो, करणारे सर्जनच, म्हणून कंपनीचं नाव विचारण्याआधी सर्जनना विचारा की वर्षाला किती गुडघे करता, त्यातले रोबोटवर किती, आणि मशीन मध्येच अडलं तर हाताने पूर्ण करणार ना. माप जास्त अचूक येतं हे खरं, पण पुढे चालणं आणि दुखणं यात साध्या पद्धतीपेक्षा मोठा फरक पडतो असं अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. कर्ज काढून रोबोटच पाहिजे असा हट्ट प्लीज करू नका, हात बसलेला सर्जन साध्या पद्धतीने करत असेल तर बिनधास्त करा.

पैशाचं बोलायचं तर इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम गुडघ्याच्या, किमतीला केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कॅप लावली, कोबाल्ट क्रोमियम या धातूच्या गुडघ्याला तेव्हा ५४,७२० रुपये आणि वर जीएसटी. रोबोटचा चार्ज या कॅपमध्ये येत नाही, त्यामुळे एस्टिमेट लेखी घ्या, त्यात इम्प्लांट आणि रोबोट वेगवेगळे लिहून मागा. मेडिक्लेममध्ये रोबोटिक सर्जरीला सब-लिमिट, म्हणजे ठराविक रकमेपर्यंतच पैसे मिळण्याची अट, आहे का तेही आधीच बघा, डिस्चार्जच्या दिवशी कळलं तर फार धावपळ होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तयारी. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबायची, मांडी कडक करून पाच आकडे मोजायचे आणि सोडायचं, हे आजपासूनच सुरू करा कारण मांडीत ताकद असेल तर नंतर उठणं खूप सोपं जातं. शुगर कंट्रोलमध्ये आणा, किडलेला दात, लघवीचं इन्फेक्शन, पायावरची जखम आधी बरी करा, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सर्जनना सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. घरात वेस्टर्न कमोड नसेल तर कमोड चेअर आणा, बाथरूममध्ये हँडल बसवून घ्या आणि सतरंज्या, पायपुसणी उचलून ठेवा, वॉकर त्यातच अडकतो.

ऑपरेशननंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. झोपताना गुडघ्याखाली उशी ठेवू नका, कितीही बरं वाटलं तरी, पाय वाकडा राहतो, उशी टाचेखाली ठेवा. फिजिओ आले की आई रडेल, नको म्हणेल, तिला दुखण्याची गोळी आधी द्या आणि व्यायाम करूनच घ्या, पहिले काही आठवडे गेले की अडकलेला गुडघा सोडवणं अवघड असतं. खाली मांडी घालून, उकिडवं बसायचं का ते सर्जनना विचारूनच ठरवा.

पोटरी सुजून दुखायला लागली, ताप आला, जखमेतून पाणी यायला लागलं तर फॉलोअपच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी सर्जनना फोन करा, आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सीत न्या.