शंखशिंपल्यांपासून खादीपर्यंत: नैसर्गिक साहित्याची टपाल तिकिटे कशी जमवावीत आणि जपावीत

निसर्गातील वस्तूंवरचा तिकीटसंग्रह सुरू करताना आपल्या तिकिटांचे आधी दोन गट पाडावेत: ज्यांवर वस्तूचे केवळ चित्र आहे अशी तिकिटे, आणि ज्यांच्या घडणीतच ती वस्तू आहे अशी तिकिटे. भारतीय टपाल खात्याने १९९८ मध्ये काढलेली शंखशिंपल्यांची तिकिटे कितीही देखणी असली, तरी ती कागदावर छापलेली असल्यामुळे पहिल्या गटात मोडतात. दुसऱ्या गटात स्वित्झर्लंडचे २००४ मधील लाकडाचे तिकीट, बुचाच्या उत्पादनात जगात अग्रेसर असलेल्या पोर्तुगालचे २००७ मधील बुचाचे तिकीट, खडकाची खरीखुरी भुकटी वापरून जिब्राल्टरने २००२ मध्ये काढलेली तिकिटे आणि गांधीजींची प्रतिमा खादीवर छापलेले भारताचे २०११ मधील २५० रुपयांचे तिकीट येते. खादीच्या तिकिटाला मी या संग्रहात मानाचे स्थान देईन, कारण ज्यांचे चित्र त्यावर आहे त्यांच्या आयुष्यापासून ते कापड वेगळे काढताच येत नाही.

सुगंधी तिकिटांचे वर्गीकरण मात्र जपून करावे. भारताच्या २००६ मधील चंदनाच्या तिकिटाला किंवा २०१७ मधील कॉफीच्या तिकिटाला वास असला, तरी ती चंदनाच्या लाकडाची किंवा कॉफीच्या बियांची बनलेली नसून सुगंध दिलेल्या कागदाची आहेत, म्हणून त्यांचे पान स्वतंत्र ठेवावे. वास खात्रीने येतो की नाही हे पाहण्यासाठी ती पुन्हा पुन्हा चोळू नयेत, कारण चोळण्याने पृष्ठभागावरील सुगंधी द्रव्याचे सूक्ष्म कोश फुटत जातात आणि तिकीट लवकर निर्गंध होते.

पाकिटावरून तिकीट सोडवण्याची पद्धत त्याच्या साहित्यावर अवलंबून आहे, आणि नवखे संग्राहक सर्वांत मोठे नुकसान येथेच करतात. पाण्यात विरघळणारा डिंक लावलेले साधे कागदी तिकीट कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवले, की आपोआप सुटते. ते चिमट्याने अलगद उचलून टिपकागदावर पालथे वाळवावे आणि नंतर जाड पुस्तकाखाली दाबून ठेवावे. लाकूड, बूच, कापड किंवा दगडाची भुकटी असलेले तिकीट मात्र पाण्यात कधीही टाकू नये. पाण्याने लाकूड वाकते, कापडावरची छपाई बिघडू शकते आणि चिकटवलेली भुकटी सुटण्याची भीती असते. अशी तिकिटे पाकिटासकट ठेवणेच उत्तम. पाकीट मोठे असून जागा नसेलच, तर तिकिटाभोवती अर्धा सेंटिमीटर कागद राखून तेवढा भाग कापून घ्यावा.

या तिकिटांना हिंज (तिकीट अल्बमच्या पानावर चिकटवण्याची डिंक लावलेली छोटी कागदी पट्टी) लावू नये. पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटांमधून कालांतराने रसायने पाझरतात, म्हणून पॉलिएस्टरचे पारदर्शक आवरण घ्यावे आणि जाड तिकिटाचा ठसा समोरच्या पानावर उमटू नये यासाठी खोलगट कप्प्यांची पाने वापरावीत. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे न वापरलेल्या तिकिटांचा डिंक पानाला धरतो, तर लाकूड, बूच आणि खादी यांवर बुरशी धरू शकते. त्यासाठी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून अल्बम उभा ठेवावा, पुड्या ओलावल्यावर बदलाव्यात आणि कोरड्या दिवशी पाने उघडून हवा द्यावी.

प्रदर्शनासाठी तिकिटांसोबत खरे शंखशिंपले मांडायचे असल्यास ते गोड्या पाण्यात वारंवार धुऊन पूर्ण वाळवावेत, नाहीतर उरलेले मीठ ओलावा ओढून घेते. शिंपले आणि जिब्राल्टरचा चुनखडक ही दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेटच होत. लाकडी कपाटातून, विशेषतः ओकच्या लाकडातून, निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांमुळे शिंपल्यांवर पांढरी पूड धरते, हे संग्रहालयांना चांगले ठाऊक आहे. म्हणून शिंपले आणि जिब्राल्टरची तिकिटे लाकडी खणात बंद करून ठेवू नयेत. धातूचा किंवा काचेचा डबा बरा, आणि तोही शिंपल्यांसाठी व तिकिटांसाठी वेगवेगळा. काही समुद्री शंखांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे, त्यामुळे मांडणीसाठी शंख विकत घेण्यापूर्वी त्याची जात कायद्याच्या यादीत आहे का हे पाहून घ्यावे.