एकट्याने मोटारसायकलवर सातारा–पाटण–कोयनेच्या आडवाटा आणि धबधबे कसे पाहावेत

पावसाळ्यात साताऱ्याहून पश्चिमेकडे निघालेला कोणताही लहान रस्ता धरला, तरी तासाभरात एखादा धबधबा समोर उभा राहतो. ठोसेघर, सडावाघापूरचा उलटा धबधबा आणि कोयनानगरच्या पुढचा ओझर्डे हे तीन धबधबे आणि त्यांना जोडणाऱ्या आडवाटा तीन दिवसांत मोटारसायकलवरून निवांत पाहून होतात. एकट्याने जाण्यात थांबण्याचे, वळण्याचे आणि बेत बदलण्याचे पूर्ण स्वातंत्र्य असते. मात्र गाडी चिखलात रुतली किंवा पाय घसरला, तर हात द्यायलाही कोणी नसते. म्हणून या लेखातील प्रत्येक सूचनेमागे एकच प्रश्न आहे : इथून मला सुखरूप परत फिरता येईल का? उत्तर ‘नाही’ किंवा ‘सांगता येत नाही’ असे आले, की पुढे जाऊ नये.

दिवस कोणते निवडावेत

जुलैमध्ये पाणी सर्वांत जास्त असते, पण धुके आणि पाऊस इतका असतो की ठोसेघरच्या प्रेक्षक गॅलरीत उभे राहूनही कित्येकदा नुसता आवाज ऐकू येतो, धबधबा दिसत नाही. पहिल्यांदा एकट्याने जाणाऱ्याने ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरअखेर हा काळ निवडावा असे माझे स्पष्ट मत आहे. या दिवसांत सरींमध्ये उघडीप मिळते, डोंगर पाण्याने भरलेला असल्याने धार टिकून असते आणि रस्त्यावर पडलेल्या लहान दरडी बहुतेक हटवलेल्या असतात. शनिवार-रविवार टाळावा, कारण त्या दिवशी अरुंद रस्त्यांवर मोटारींच्या रांगा लागतात आणि आडवाटेचा अर्थच उरत नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हवामान विभागाचा जिल्हावार इशारा पाहावा. २४ तासांत ६४.५ मिमीपासून पुढचा पाऊस ‘जोरदार’, ११५.६ मिमीपासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४ मिमीच्या पुढचा ‘अत्यंत जोरदार’ मानला जातो. सातारा जिल्ह्याच्या घाट भागाला ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल, तर बेत पुढे ढकलावा. याशिवाय स्थानिक वर्तमानपत्रांत पावसाळ्यात रोज कोयना, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणांचा पाऊस छापून येतो, तो दोन-तीन दिवस लक्षात ठेवावा. ओझर्डे धबधबा नवजाच्याच परिसरात आहे आणि नवजाचा पाऊस एका हंगामात ५,००० मिमीच्या पुढे सहज जातो. तिथला आकडा सलग वाढत असेल, तर ओढे फुगलेले असणार हे घरबसल्या कळते. धबधब्यांवर जाण्यास जिल्हा प्रशासन अधूनमधून बंदी घालते, तीही तपासावी आणि मनापासून पाळावी. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे या गावांवर दरडी कोसळून माणसे गेली. हा डोंगर किती पाणी पिऊन बसलेला असतो, याची जाणीव ठेवूनच तिथे पाऊल टाकावे.

गाडीची तयारी

या वाटांसाठी मोठी, महागडी गाडी लागत नाही. १०० ते १५० सीसीची रोजची मोटारसायकल उलट सोयीची, कारण ती पडली तर एकट्याला उचलता येते आणि तिचा सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळतो. टायरची नक्षी झिजून मधल्या खुणेला टेकली असेल, तर नवा टायर घातल्याशिवाय निघू नये. ओल्या घाटात ब्रेकइतकाच टायर जीव वाचवतो. हवा गाडीवरच्या पट्टीवर छापली आहे तेवढीच ठेवावी. मागचा ड्रम ब्रेक उघडून साफ करून घ्यावा, चेन ताणून तिला तेल द्यावे, हेडलाइट, मागचा दिवा आणि हॉर्न तपासावा.

सोबत क्लचची आणि ॲक्सिलरेटरची जादा केबल, प्लग व प्लगपाना, फ्यूज, पंक्चरचे साहित्य आणि हातपंप ठेवावा. माझी क्लच केबल एकदा वाडीपासून चार किलोमीटर अलीकडे, भर चढावर तुटली होती. जादा केबल मी आधीच जुन्या केबलला समांतर ओढून चिकटपट्टीने बांधून ठेवली होती, त्यामुळे फक्त दोन टोके जोडावी लागली आणि भर पावसात वीस मिनिटांत गाडी चालू झाली. मेकॅनिककडून ही एवढी एक गोष्ट निघण्यापूर्वी अवश्य करून घ्यावी.

रेनकोट भडक रंगाचा असावा. लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात आणि त्याच पिशवीत रक्तगट व घरच्या दोन माणसांचे क्रमांक लिहिलेला कागद घालावा. मोबाइल बंद पडला तरी कागद वाचता येतो.

रस्ता ओळखावा कसा

नकाशाचे ॲप जवळचा रस्ता दाखवते, चांगला रस्ता दाखवतेच असे नाही. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा पाहण्याची सवय लावावी : पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य मार्गाचा आणि केशरी माथा ग्रामीण रस्त्याचा असतो. केशरी दगड लागला, की डांबर अरुंद होणार, साइडपट्टी मऊ असणार आणि पुढे कुठेतरी फरशी पूल, म्हणजे पाणी वरूनही वाहू शकते असा ओढ्यावरचा बुटका पूल, येणार असे धरून चालावे.

याहून खात्रीचा उपाय म्हणजे टपरीवर चहा घेताना दोन प्रश्न विचारणे. पहिला, ‘काका, या रस्त्याने एसटी जाते का?’ आणि दुसरा, ‘आज आली का?’ ज्या गावात मुक्कामाची एसटी जाते, तिथपर्यंत मोटारसायकल जाईलच. पण सकाळची गाडी आली नसेल, तर पुढे झाड, दरड किंवा पाणी यांपैकी काहीतरी आडवे आले आहे असे समजावे. ‘रस्ता चांगला आहे का’ असे विचारल्यास बहुतेक जण पाहुण्याला बरे वाटावे म्हणून ‘हाय की’ म्हणतात. एसटीच्या प्रश्नाला मात्र नेमके उत्तर मिळते.

तीन दिवसांचा मार्ग

पहिल्या दिवशी साताऱ्याहून सज्जनगडाच्या रस्त्याने सुमारे २५ किमीवरच्या ठोसेघरला जावे. धबधबा समोरच्या बाजूने, गॅलरीतूनच पाहायचा आहे. दरीत उतरण्याचा मोह धरू नये. तिथून पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा लागतात. त्या पाहून त्याच वाटेने साताऱ्याला परत मुक्कामी यावे. हा दिवस मुद्दाम छोटा ठेवला आहे, कारण गाडीत आणि सामानात काय कमी आहे ते शहर जवळ असतानाच कळलेले बरे.

दुसऱ्या दिवशी महामार्ग सोडून तारळ्याकडे वळावे आणि तारळे–पाटण रस्त्याने सडावाघापूरच्या पठारावर चढावे. इथे दरीतून येणारा वारा कड्यावरून पडणारे पाणी उलटे वर फेकतो. जुलै-ऑगस्टमध्ये वारा जोरात असतो तेव्हाच हे दिसते, नंतर तिथे साधाच ओघळ असतो. ज्याला खास हेच पाहायचे आहे, त्याने त्या महिन्यांतील उघडिपीचा दिवस निवडावा. हाच वारा उभी गाडीही पाडतो. साइड स्टँडखाली चपटा दगड घालावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि वारा गाडीला स्टँडच्या बाजूला रेटेल अशा बेताने ती उभी करावी. कड्याच्या काठापासून स्वतः चांगले लांब राहावे, कारण ओल्या गवताखाली कातळ कुठे संपतो ते दिसत नाही. मग पाटणला उतरून टाकी पूर्ण भरावी आणि कोयनानगरला मुक्कामी जावे.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवजाच्या रस्त्याने सुमारे १० किमीवरच्या ओझर्डेला जावे. हा भाग कोयना अभयारण्याचा आहे, म्हणून ठरलेल्या वेळेत आणि ठरलेल्या वाटेनेच फिरावे. हॉर्न वाजवू नये, माकडांना खाऊ घालू नये आणि आणलेले प्लॅस्टिक पिशवीत परत न्यावे. परतीला पाटण–उंब्रजवरून साताऱ्याला येता येते किंवा कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठता येते. कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे उघडले असतील, तर पाटणजवळचा मूळगाव पूल पाण्याखाली जाऊ शकतो, म्हणून नदीकाठच्या रस्त्यांची चौकशी सकाळीच करून घ्यावी.

घाटात आणि धुक्यात

ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतार उतरावा. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नये. दोन्ही ब्रेक एकत्र, हलक्या हाताने आणि वळणाच्या आधीच लावावेत. धुक्यात अप्पर लावल्यास समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून डिपरच ठेवावा.

भातलावणीच्या दिवसांत एक वेगळा धोका असतो. चिखलणी करून शेतातून बाहेर पडलेला ट्रॅक्टर रस्त्यावर ओल्या मातीचे पट्टे सोडत जातो आणि वळणावर त्यांच्यावरून ब्रेक मारला, की पुढचे चाक निसटते. शेतात माणसे दिसू लागली, की वेग आपोआप कमी झाला पाहिजे. संध्याकाळी जनावरे कोरड्या डांबरावर येऊन बसतात, तेव्हाही असेच. डोंगराच्या बाजूने लालसर पाणी आणि बारीक खडे रस्त्यावर येत असतील, तर तिथे फोटोसाठी क्षणभरही थांबू नये. वरची माती सुटत असल्याची ती खूण असते. घाटवाटांवर ताशी सरासरी २५ किमी धरून हिशेब करावा आणि पाच वाजता मुक्कामाच्या दारात असावे. ढगांमुळे अंधार सूर्यास्ताची वाट पाहत नाही.

फरशीवरून पाणी वाहत असेल तर

माझा सगळ्यांत मोठा धडा अशाच एका फरशीवर झाला. पाणी गढूळ होते, फार खोल वाटत नव्हते आणि मी पहिला गिअर टाकून निघणारच होतो. पलीकडच्या काठावर इरले घेतलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी हात वर करून थांबवले आणि ओरडून सांगितले, ‘पाव्हणं, दमानं घ्या. वर सड्यावं पाऊस झालाय. उतरंल पानी.’ त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी पाण्याच्या कडेला एक पांढरा दगड ठेवला आणि गाडी मागे घेऊन बसलो. दहा मिनिटांत दगड बुडाला. पुढे पाऊण तासाने तो पुन्हा उघडा पडला, नंतर फरशीच्या कडेचे दगडही दिसू लागले, आणि पाहतो तो फरशीचा एक कोपरा वाहून गेलेला होता. मी ज्या रेषेत जाणार होतो, ती रेषा नेमकी त्या खड्ड्यावरून जात होती.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे : फरशीच्या दोन्ही कडा दिसत नसतील, तर पाणी कितीही उथळ वाटले तरी ओलांडायचे नाही. दगड ठेवून वाट पाहावी. सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरच्या, कातळात पाणी मुरत नसल्याने ते झटकन चढते, तसे पाऊस थांबला की बहुधा तासा-दोन तासांत ओसरते. कडा स्पष्ट दिसत असतील, तर पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या ॲक्सिलरेटरवर, मध्ये क्लच न दाबता पार व्हावे आणि नजर पाण्यावर न ठेवता पलीकडच्या काठावर ठेवावी, कारण वाहत्या पाण्याकडे पाहिले की तोल जातो. गाडी पाण्यात बंद पडली, तर स्टार्टर दाबू नये, ढकलून बाहेर काढावी. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवून घ्यावेत.

धबधब्याजवळ

एकट्या माणसाने डोहात उतरू नये आणि धबधब्याच्या माथ्यावर जाऊ नये. याला अपवाद नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ धबधब्यात उभे असलेले एक कुटुंब अचानक वाढलेल्या प्रवाहात सापडले आणि पाच जण गेले. काठावर लोक असूनही त्यांना बाहेर काढता आले नाही. स्वच्छ पाणी तांबूस होणे, त्यात पालापाचोळा व काटक्या येणे आणि आवाज जड होणे या तीन खुणांपैकी एकही जाणवली, तर सामान उचलायला न थांबता काठावरून वर चढावे. हिरवट कातळावर पाय देऊ नये. काळा, खरखरीत कातळ त्या मानाने बरा असतो.

कोयनेच्या पुढे मोबाइलची रेंज भरवशाची नसते. रोज सकाळी घरच्या एका माणसाला दिवसाचा मार्ग, मुक्कामाचे ठिकाण आणि ‘अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही, तर मुक्कामाच्या ठिकाणी विचारा’ एवढे कळवावे. रेंज असेल तिथे ११२ हा आपत्कालीन क्रमांक पुरतो. ठरलेल्या वेळेचा फोन कंटाळा न करता करावा, कारण पलीकडे कोणीतरी घड्याळाकडे पाहत असते.

घरी पोहोचल्यावर गाडी त्याच दिवशी धुवावी. लाल चिखल चेनमध्ये आणि ब्रेकच्या ड्रममध्ये वाळला, की घासत राहतो. चेन पुसून, पूर्ण सुकवून मगच तेल द्यावे. बूट उपडे करून वर्तमानपत्र कोंबून ठेवावेत. आणि ज्या फरश्या, मेकॅनिक व टपऱ्या लागल्या, त्या आठवणीत ताज्या आहेत तोवर वहीत किलोमीटरसह लिहून ठेवाव्यात. पुढच्या वर्षी त्याच वाटेने निघताना कुठल्याही नकाशाआधी ती वही उघडली जाते.