एक आयफोन, एक अँड्रॉइड आणि घरचं एकच कॅलेंडर: आधीची तयारी

पहिल्यांदा एवढं ठरवून टाका की घरचं कॅलेंडर गूगलवर राहील. आयफोनवाल्याला हे चटकन पटत नाही, कारण त्याच्या सगळ्या नोंदी आयक्लाउडमध्ये, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठवणीत असतात. पण आयक्लाउडच्या कॅलेंडरसाठी अँड्रॉइडवर ॲपलचं ॲपच नाही. सार्वजनिक लिंक देता येते, मात्र ती नुसती बघण्यापुरती. जोडीदाराला त्यात काही लिहिता येत नाही. ती लिंक गूगल कॅलेंडरला जोडली, तरी केलेला बदल तिकडे उमटायला 12 तासही लागू शकतात. तीनची पालकसभा पाचला गेली हे रात्री कळून काय उपयोग? गूगल कॅलेंडर दोन्ही फोनांवर सारखं चालतं, म्हणून तडजोड आयफोनवाल्याने करायची.

रविवारी सकाळी पोहे-चहा झाल्यावर अर्धा-पाऊण तास काढा. हाताशी लॅपटॉप, दोन्ही फोन आणि दोघांच्या जीमेलचे पासवर्ड हवेत. खातं घरचंच घ्या, ऑफिसचं नको. पुण्यात हिंजवडी-खराडीतल्या बऱ्याच कंपन्यांत बाहेरच्या माणसाला कॅलेंडर दाखवायला मर्यादा असते, आणि नोकरी सोडली की खातं बंद होतं, त्याबरोबर मुलांच्या लसींच्या तारखाही जातात.

आता लॅपटॉपवर गूगल कॅलेंडर उघडून नवीन कॅलेंडर करा आणि त्याला 'घर' असं नाव द्या. माझं ठाम मत आहे की आपापली वैयक्तिक कॅलेंडरं एकमेकांना खुली करू नयेत. त्यात ऑफिसच्या मीटिंगा, मित्रांच्या भेटी, वाढदिवसाला द्यायच्या भेटवस्तूची आठवण असं सगळं असतं. त्या गर्दीत घरचं काम दिसेनासं होतं. 'घर' हे तिसरं कॅलेंडर दोघांचं. त्याच्या सेटिंगमध्ये जोडीदाराचा ईमेल घाला आणि परवानगी देताना नुसतं बघण्याची न देता नोंदी बदलण्याची द्या. जोडीदाराला ईमेल येईल, त्यातल्या लिंकवर टिचकी मारल्याशिवाय कॅलेंडर त्याच्याकडे जोडलं जात नाही. ईमेल दिसला नाही तर स्पॅममध्येही बघा.

अँड्रॉइडवर फारसं काही करावं लागत नाही. गूगल कॅलेंडरच्या बाजूच्या यादीत 'घर'समोर खूण आहे ना, एवढं पाहा. आयफोनवर मात्र दोन वाटा आहेत. गूगल कॅलेंडरचं ॲप घेतलं की काम संपलं. पण ज्याला ॲपलच्याच कॅलेंडरची सवय आहे, त्याने सेटिंगमधल्या कॅलेंडरच्या खात्यांत गूगल खातं जोडायचं आणि तीन जागा तपासायच्या. एक, दुसऱ्याने शेअर केलेलं कॅलेंडर तिथे आपोआप दिसत नाही. गूगलच्या 'सिंक सिलेक्ट' या पानावर जाऊन 'घर'ला खूण करावी लागते. दोन, 'फेच'ची सेटिंग, म्हणजे फोनने नवीन नोंदी कधी आणायच्या ते. ती 'ऑटोमॅटिकली' असेल तर फोन चार्जिंगला आणि वायफायवर असतानाच मागच्या मागे नवीन नोंदी आणतो. म्हणून ती दर 15 मिनिटांवर ठेवा. तीन, आणि सगळ्यात महत्त्वाची, 'डिफॉल्ट कॅलेंडर', म्हणजे नवीन नोंद आपसूक ज्यात जाते ते. तिथे 'घर' निवडा. ते बदललं नाही तर सिरीला, म्हणजे आयफोनच्या बोलक्या मदतनिसाला, सांगितलेली प्रत्येक नोंद आयक्लाउडमध्ये जाऊन बसते. एकजण म्हणतो, 'मी टाकलं होतं', दुसरा म्हणतो, 'मला दिसलंच नाही', आणि दोघंही खरंच बोलत असतात.

नोंदी भरायला बसाल तेव्हा भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढून टेबलावर घ्या. फोनला 'दर वर्षी' म्हटलं की तो इंग्रजी तारीख धरतो, तिथी धरत नाही. गणेश चतुर्थी 2025 मध्ये 27 ऑगस्टला होती, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती 14 सप्टेंबरला गेली. म्हणजे गौरी, आजोबांचं श्राद्ध, आजीचा तिथीने वाढदिवस, घरात कुणाचा उपास असेल तर संकष्ट्या, यांपैकी काहीही आपोआप पुढच्या वर्षी जाणार नाही. ते वर्षासाठी एकदा हाताने भरायचं. दोघांनी मिळून भरलं तर गौरीजेवणाच्या दिवशी रजा कोण टाकणार हेही त्याच बैठकीत ठरतं.

मग पुण्याचं आपलं आपलं काही. गुरुवारी पाणी बंद राहणार अशी महापालिकेची सूचना आली की ती बुधवार संध्याकाळच्या नोंदीत जाते: पिंप भरून ठेवणे. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामी असतात ते दिवस आणि विसर्जनाचा दिवसही टाका. लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर रस्ता बंद असताना पेठेतल्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवणं नको. मिळकतकर, गाडीचा विमा, पीयूसी, मावशींची सुट्टी, सोसायटीची सभा हे ओघाने आलंच. प्रवासाचं तिकीट जीमेलवर आलं की त्याची नोंद बहुधा आपोआप पडते, पण ज्याच्या ईमेलवर आलं त्याच्याच कॅलेंडरात, आणि ती दुसऱ्याला दिसत नाही. गाडीची वेळ 'घर'मध्ये वेगळी लिहा.

नोंद कशी लिहायची यावर थोडं थांबा, कारण खरा फरक इथे पडतो. 'डॉक्टर, 10 वाजता' ही नोंद फक्त लिहिणाऱ्यालाच कळते. त्याऐवजी असं लिहा: 'आई, डोळे तपासणी. बाहुली मोठी करायचे थेंब टाकणार, परत येताना धूसर दिसेल, सोबत कुणीतरी हवं. जुना चष्मा आणि मधुमेहाचे रिपोर्ट न्यायचे. रिक्षा 9:15.' पत्ता ठिकाणाच्या रकान्यात, म्हणजे नकाशा तिथूनच उघडतो. कोण नेणार त्याचं नाव सगळ्यात पुढे. ज्याने नोंद केली नाही त्यालाही ती वाचून आईला घेऊन थेट निघता आलं पाहिजे.

हे मी आग्रहाने सांगते, कारण बहुतेक घरांत तारखा लक्षात ठेवायचं काम बाईच्याच डोक्यावर असतं. कॅलेंडर शेअर झालं आणि लिहिणारी तीच राहिली, तर तिचं एक काम वाढलं एवढंच. नियम साधा ठेवा: ज्याच्या कानावर बातमी आली त्याने तिथल्या तिथे नोंद करायची. शाळेच्या ग्रुपवरचा निरोप बाबांनी वाचला तर बाबांनीच टाकायचा, 'तू बघ ना जरा' म्हणून पुढे ढकलायचा नाही.

नोटिफिकेशन प्रत्येकाची वेगळी असतात. तुम्ही एक तास आधीची लावली म्हणून जोडीदाराचा फोन वाजणार नाही. त्याने 'घर'साठी आपली लावून घ्यायची. अँड्रॉइडवर बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे ती उशिरा येत असतील तर कॅलेंडर ॲपला त्यातून सूट द्या.

शेवटी समोरासमोर बसून तपासणी. आयफोनवरून एक नोंद टाका, ती अँड्रॉइडवर येऊ द्या, तिकडून वेळ बदला, इकडे बदलली का पाहा, मग पुसून टाका. पुसलेली नोंद दोघांकडूनही जाते, म्हणून लॅपटॉपवर कॅलेंडरची 'ट्रॅश' कुठे आहे तेही दोघांनी बघून ठेवा. साधारण 30 दिवसांपर्यंत तिथून परत आणता येते. हे जमलं की जुन्या आयक्लाउडमधल्या पुढच्या तारखांच्या नोंदी एकेक करून 'घर'मध्ये हलवा. मागच्या वर्षांच्या तिथेच राहू द्या.