सहा फोटोंच्या कॅमेऱ्यानं रिंगण टिपायचंय?

माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाचा लिंब इथं होतं. आपल्यासमोरून अश्व धावत जातात ते काही सेकंदच. माझा जुना १८ मेगापिक्सेलचा कॅमेरा रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलमध्ये, सलग सहा फोटो घेतो आणि अडून बसतो. म्हणून तयारी आठवडाभर आधी, घरीच.

कार्डावर लिहिले जाण्याआधी फोटो कॅमेऱ्याच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीत थांबतात. बफर म्हणजे रुंद तोंडाचा पण बारीक तोटीचा रांजण. भरतो झटकन, रिकामा व्हायला वेळ लागतो. पुस्तकांच्या कपाटावर रोखून बटण दाबून धरा, किती फोटोंनंतर अडखळतो ते मोजा, मग कार्डावर लिहिणं चालू असल्याचा लाल दिवा विझायला किती सेकंद लागतात तेही. दोन्ही आकडे पाठ हवेत. हीच मोजणी जेपेगमध्ये, म्हणजे दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये करा. फरक बघून रिंगणापुरता रॉचा हट्ट सुटेल. निवांत बसलेल्या वारकऱ्यांचे चेहरे खुशाल रॉमध्ये घ्या.

कार्डावर ठळक छापलेला आकडा बहुतेकदा वाचण्याच्या वेगाचा असतो. लिहिण्यासाठी व्ही३० ही खूण बघा, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी. मात्र कॅमेराच जुना असेल तर त्याहून महागड्या कार्डावर पैसे घालवू नका. फोटो आधी उतरवून घ्या आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. आषाढी आभाळात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) चढतो, तेव्हा नॉइज रिडक्शन, म्हणजे फोटोतले दाणे पुसण्याची सोय, बंद किंवा अगदी कमी ठेवा. त्या प्रक्रियेतही कॅमेरा गुंतून पडतो. शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या आसपास. जादा बॅटरी, प्लॅस्टिकची पिशवी आणि कोरडा पंचा लागतोच.

जागेवर पोचल्यावर सगळ्यात अवघड काम म्हणजे बोट आवरणं. ‘माउली माउली’चा गजर चढला की हात आपोआप बटणावर जातो. पुढे पताकावाला स्वार येतो, मागून माउलींचा अश्व, पाठीवर कुणीच नसलेला. स्वारावर दोन फोटो, माउलींच्या अश्वावर दोन. बस. बफरमधली उरलेली जागा राखून ठेवा, कारण अश्व गेला की लोक वाकतात, टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात. माझ्या मते रिंगणाचा खरा फोटो तो. पहिल्या वर्षी तेव्हा माझा कॅमेरा लिहीत बसला होता आणि समोरच्या आजी माती लावून निघूनही गेल्या.

दिवा लुकलुकत असताना कार्डाचं झाकण उघडू नका, बॅटरी काढू नका. सर आलीच तर कॅमेरा तसाच पिशवीत घाला; आत त्याचं लिहिणं चालू राहतं.