प्रवाह गोल फिरला म्हणजे ‘रोटेशनल’ नव्हे: पोटेन्शियलच्या गणितातल्या या चुका टाळा

प्रवाहरेषा गोल दिसल्या की ‘रोटेशनल’ लिहून मोकळं व्हायचं, ही सगळ्यात जुनी चूक. कण कुठल्या वाटेने जातो हा प्रश्नच नसतो; जाताना तो स्वतःभोवती गिरकी घेतो का, हे बघायचं असतं. दोन काड्या अधिकच्या चिन्हासारख्या चिकटवून पाण्यावर सोडल्यात असं समजा. फ्री व्होर्टेक्समध्ये, म्हणजे वेग त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असेल तिथे, त्या केंद्राला फेऱ्या घालतात, पण त्यांची तोंडं फिरत नाहीत: प्रवाह एका काडीला जेवढं वळवू बघतो, तेवढंच दुसरीला उलटं. याउलट भिंतीलगतचा प्रवाह घ्या. रेषा अगदी सरळ, पण भिंतीपासून दूर जावं तसा वेग वाढतो आणि काड्या गरगरतात. तो रोटेशनल! तेव्हा चित्रावर जाऊ नका, कर्ल काढा, म्हणजे वेगाच्या डेरिव्हेटिव्हवरून ही गिरकी मोजणारी राशी.

कर्ल शून्य आला (प्रवाह ‘इर्रोटेशनल’) की व्हेलॉसिटी पोटेन्शियल आहे, म्हणजे ज्याचा डेरिव्हेटिव्ह घेतला की वेग मिळतो असं फलन. त्यासाठी लाप्लासचं समीकरण (पोटेन्शियलच्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची बेरीज शून्य) तपासत बसायची गरज नाही; ते प्रवाह असंपीड्य, म्हणजे दाबून घनता न बदलणारा, असेल तरच लागू होतं.

मार्क जातात ते मात्र इंटिग्रेशनमध्ये. क्ष दिशेचा वेग २·क्ष·य आणि य दिशेचा क्ष² − य² आहे. दोन्हींचं वेगवेगळं इंटिग्रेशन करून बेरीज केली, तर क्ष²·य हे पद दोनदा येतं आणि पहिला वेग परत काढल्यावर ४·क्ष·य मिळतो. पहिल्या वेगाचं क्ष-सापेक्ष इंटिग्रेशन करा, पुढे नुसता स्थिरांक न लिहिता य चं फलन लिहा, आणि ते दुसऱ्या वेगावरून शोधा. उत्तर: क्ष²·य − य³/३, अधिक स्थिरांक.

चिन्हाचं म्हणाल तर काही पुस्तकं वेग म्हणजे पोटेन्शियलचा ऋण डेरिव्हेटिव्ह धरतात, काही धन. दोन्ही चालतं, एकाच गणितात दोन्ही चालत नाही.

आणि पुन्हा फ्री व्होर्टेक्स. सर्क्युलेशन म्हणजे बंद वेढ्यावरून एक फेरी मारताना वेगाच्या त्या दिशेतल्या भागाचं इंटिग्रेशन. ‘इर्रोटेशनल आहे, म्हणजे सर्क्युलेशन शून्य’ हे केंद्र वेढ्याबाहेर असेल तोवरच खरं. केंद्रात वेग अनंत होतो, तिथे नियम लागत नाही. स्पर्शिकेच्या दिशेतला वेग ‘क भागिले त्रिज्या’ असेल, तर केंद्राभोवतीच्या प्रत्येक वेढ्यात सर्क्युलेशन २πक येतं, वेढा कितीही छोटा घ्या.