चालणारी रेघ: पेन घ्या, पिन नको

तळपायाच्या खोलगट भागात लाल पुटकुळी आली, तेव्हा डास चावला म्हणून मी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी तिच्यातून सुतळीएवढी जाड रेघ निघाली. रात्री अशी कंड सुटायची की झोपेचं खोबरं. मी नायट्याचं मलम चोळत बसलो आणि रेघ आपली वळणं घेत पुढे.

असं काही दिसलं तर आधी बॉलपेन घ्या. रात्री रेघेच्या टोकाशी खूण करा, सकाळी बघा. माझी रेघ खुणेच्या बोटाच्या रुंदीएवढी पुढे गेली होती. नायटा गोल पसरतो, खरूज बहुधा बोटांच्या बेचक्यांत असते. दिवसाला काही मिलिमीटर ते दोन-तीन सेंटिमीटर सरकणारी नागमोडी रेघ मात्र बहुतेक वेळा अंकुशकृमी (हुकवर्म) या आतड्यातल्या जंताच्या अळीची. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतली अंडी वाळूत, ओल्या मातीत उबतात आणि अळी उघड्या कातडीतून आत शिरते. माणसाच्या त्वचेचा खोल थर तिला भेदता येत नाही, म्हणून ती वरच्या वर भटकते. बिचारी घर चुकलेली. पण कीव करायला कंड सवड देत नाही.

पिनेने उकरू नका. मी उकरलं, हाती नुसतं रक्त आलं. अळी दिसणाऱ्या रेघेच्याही एक-दोन सेंटिमीटर पुढे असते. गोठवून मारायला गेलं तरी म्हणूनच नेम चुकतो.

डॉक्टरांनी नुसतं बघून ओळखलं, रक्ततपासणी लागली नाही. यावर औषध म्हणजे इव्हरमेक्टिन या जंतनाशकाचा एकच डोस, वजनाच्या दर किलोमागे 200 मायक्रोग्रॅम. किंवा अल्बेंडाझोल हे दुसरं जंतनाशक 400 मिलिग्रॅम, रोज, तीन ते सात दिवस. गरोदर बाई किंवा 15 किलोच्या आतलं मूल असेल तर मनाने काहीच देऊ नका. माझी कंड दोन-तीन दिवसांत उतरली, डाग जायला जास्त वेळ लागला. औषधाशिवायही अळी काही आठवड्यांत, कधी महिन्यांत मरते, पण तोवर खाजवून पू होतो. नखं कापा. पू किंवा ताप आला तर थांबू नका.

समुद्रावर आता मी चपला काढत नाही. बसायचं तर भरतीचं पाणी फिरून गेलेल्या ओल्या वाळूवर, नाहीतर खुर्चीवर; कोरड्या वाळूत पातळ टॉवेलचा भरवसा नाही.